लढाईतून घरी आलेल्या वस्तू : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

दहशतवाद आणि बंडखोरीविरुद्धच्या मोहिमांत हस्तगत झालेल्या साहित्याचा संग्रह करावा का, करायचा तर कसा, याविषयी बरीच पत्रे साठली आहेत. त्यांतली पुष्कळ काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, देहूरोड या पट्ट्यातली आहेत आणि त्याचे नवल वाटायला नको. सातारा, कोल्हापूर, मराठवाडा, विदर्भातून पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कितीतरी घरांत एखादा फौजी असतो. एका बाजूला देहूरोडची छावणी आणि आयुध भांडार, दुसऱ्या बाजूला दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना. श्रीलंका, पंजाब, काश्मीर, आसाम, मणिपूर इथल्या मोहिमांवर इथली माणसे गेली, निवृत्त होऊन परतली आणि त्यांच्या काळ्या ट्रंका माळ्यावर चढल्या. त्या आता पुढची पिढी उघडते आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरे देतो. पत्रलेखकांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

शंका : माझे सासरे महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. १९८७ ला शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. यंदा ते वारले. त्यांच्या ट्रंकेत एक मळकी हिरवी टोपी, छातीवर बांधायचा खिसेवाला कॅनव्हासचा पट्टा, एक वाकडी लोखंडी मॅगझिन, काही रिकाम्या पुंगळ्या आणि एक न उडालेले काडतूस निघाले. मुलगा म्हणतो आजोबांची आठवण म्हणून ठेवू. दीर म्हणतात रात्री पवनेत टाकून देऊ. आम्ही काय करावे?
— एक गृहिणी, ज्योतिबानगर, काळेवाडी

समाधान : ताई, नदीत काहीही टाकू नका. उन्हाळ्यात पात्र आटले की ते काडतूस एखाद्या पोराच्या हाती लागेल. शिवाय वस्तू लपवली असा अर्थ निघेल तो वेगळाच.

आधी या वस्तूंचे दोन भाग करा. टोपी आणि पट्टा हे कापड आहे, त्याला शस्त्र कायदा लागत नाही. काडतूस आणि मॅगझिन मात्र त्या कायद्यात येतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही धरलेले आहेत आणि लष्करी वापराच्या काडतुसाचा परवाना सामान्य नागरिकाला मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र किंवा दारूगोळा बाळगण्याची शिक्षा किमान सात आणि कमाल चौदा वर्षे झाली आहे. रिकाम्या पुंगळ्यांचे तसे नाही. इतर भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसलेले किरकोळ सुटे भाग ४५व्या कलमाने कायद्याच्या बाहेर ठेवले आहेत. तरीही पुंगळ्या पोलिसांना दाखवा आणि त्यांनी परत दिल्या तरच ठेवा.

काडतुसाला हात लावू नका, घासूनपुसून पाहू नका. त्याच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर ठोका बसला तर ते हातातच फुटू शकते. पिशवीत घालून रिक्षाने पोलीस ठाण्यात नेऊ नका. ११२ वर फोन करा, जुन्या फौजी ट्रंकेत काडतूस सापडले आहे असे सांगा आणि पोलिसांना घरी येऊ द्या. ट्रंक कोणाची, सासऱ्यांचा सेवा क्रमांक, पलटण, निवृत्तीचे वर्ष, वस्तू कोणत्या दिवशी आणि कोणासमोर सापडल्या, एवढे एका साध्या अर्जात लिहा आणि अर्जाची पोच घ्या. अशा प्रकरणांत न्यायालये जाणीवपूर्वक ताबा होता का, हे पाहतात. कालपर्यंत तुम्हाला काही ठाऊक नव्हते, आज ठाऊक झाले आहे. म्हणून उशीर करू नका.

यात सासऱ्यांच्या नावाला काही बट्टा लागत नाही. त्या पट्ट्याचे मोल मुलाला समजावे म्हणून एक प्रसंग सांगतो. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत होते. त्यांच्या तुकडीवर छापा पडला. त्यांनी बंडखोरांना मागच्या बाजूने वेढा घातला. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. परमेश्वरन यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटच्या श्वासापर्यंत तुकडीला हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या रात्री तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हस्तगत झाले, हेही त्यांच्या मानपत्रात नोंदलेले आहे. आपल्या जवानांच्या खांद्यावर तेव्हा वीस गोळ्यांच्या मॅगझिनची लांब एसएलआर होती आणि समोर तीस गोळ्यांची आखूड एके. काश्मीर मोहिमेत पुढे आपल्या सैन्यानेही एके जातीची रायफल मोठ्या प्रमाणावर स्वीकारली, त्यामागे हा अनुभव होता. छातीवर बांधायचा तो पट्टा त्या काळाचा साक्षीदार आहे. तो जपून ठेवा. मॅगझिनचा फोटो पोलिसांच्या परवानगीने काढून पट्ट्याच्या नोंदीला जोडा, म्हणजे आठवणही राहील.

शंका : मी चाकणला एका वाहन कंपनीत इंजिनिअर आहे. हस्तगत केलेले लष्करी साहित्य जमवायचा छंद लागला आहे. ‘काश्मीरमध्ये अतिरेक्याकडून मिळालेला’ म्हणून एके-४७ चा चेस्ट रिग मला भरपूर किमतीला मिळतो आहे. विक्रेता त्याबरोबर मॅगझिनही द्यायला तयार आहे. खरा माल कसा ओळखावा?
— एक संग्राहक, तापकीरनगर, काळेवाडी

समाधान : मॅगझिनचे उत्तर वर आले आहे. ती घेऊ नका आणि विकणाऱ्याशी पुढचा व्यवहारही थांबवा. जो माणूस शस्त्राचा भाग असा पाकिटातून विकतो, त्याचे बाकीचे शब्दही विश्वासाचे नाहीत.

आता चेस्ट रिगकडे, म्हणजे छातीवर बांधायच्या खिसेवाल्या पट्ट्याकडे वळू. मधे मॅगझिनचे तीन उंच खिसे, दोन्ही बाजूंना दोन-दोन छोटे खिसे, झाकणाला खुंटी आणि फासा, पाठीवर फुलीसारखे बंद, हा मूळ चिनी घाट. चीनने एकेच्या धर्तीवर बनवलेल्या टाइप ५६ रायफलीसाठी तो आला आणि व्हिएतनामपासून आफ्रिका, अफगाणिस्तान, काश्मीरपर्यंत पोचला. स्वस्त, हलका, कोणत्याही शिंप्याला शिवता येणारा, म्हणून त्याच्या नकला जगभर झाल्या. कापड, शिलाई, आतल्या बाजूचे शिक्के पाहून तो कोणत्या देशात आणि साधारण कोणत्या काळात बनला, एवढे सांगता येते. तो कोणाच्या अंगावर होता, हे कापड कधीच सांगत नाही. बाजारात ‘हस्तगत’ म्हणून विकला जाणारा माल बहुधा कुठल्या तरी देशाच्या गोदामातला डिस्पोजलचा असतो किंवा नवा शिवून चहाच्या पाण्यात जुना केलेला असतो. मातीचा डाग, जळल्याची खूण, रक्तासारखा दिसणारा डाग, हे पुरावे नव्हेत. विक्रेत्यालाही ते करता येतात.

अशा वस्तूचे मोल तिच्या नोंदीत असते. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या तुकडीला सापडली, तिथून कोणाच्या हाती गेली, ही साखळी अखंड असेल तर तो इतिहास, नाहीतर ते जुने कापड. व्हिएतनाम युद्धातून काही अमेरिकी सैनिकांना अर्धस्वयंचलित रायफली अधिकृत परवानापत्रासह घरी नेता येत. आज तिथल्या संग्राहकांत मूळ कागद असलेल्या रायफलीला बिनकागदी रायफलीपेक्षा कितीतरी जास्त मान आहे. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेनेही रणांगणावरच्या वस्तू शासनाच्या ताब्यात देण्याचा आणि ठरावीक मार्गानेच सैनिकाला परत देण्याचा कायदा केला.

आपल्याकडे काश्मीरच्या बाबतीत ही साखळी खासगी घरापर्यंत यायला वावच नाही. जम्मू-काश्मीरसाठीच्या १९९० च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याच्या ६व्या कलमानुसार जप्त झालेले शस्त्र, दारूगोळा, वाहन आणि इतर मालमत्ता लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी लागते. तिथे पंचनामा होतो, गुन्हा नोंदवला जातो आणि वस्तू मुद्देमाल होते. म्हणजे विक्रेता खरे बोलत असेल तर तुम्ही मुद्देमालातून गहाळ झालेली वस्तू विकत घेत आहात आणि तो खोटे बोलत असेल तर तुमची फसवणूक होते आहे. दोन्ही बाजूंनी नुकसान तुमचेच.

छंद सोडा असे मी म्हणत नाही, तो वळवा. आपल्या सैन्याचे जुने वेब इक्विपमेंट, पिट्ठू (पाठीवरच्या पिशव्या), पाण्याच्या बाटल्या, मच्छरदाण्या, जंगल बूट, नकाशाच्या पिशव्या हे डिस्पोजलच्या रीतसर लिलावातून बाहेर येते. संरक्षण खात्याचा भंगार आणि वापरातून काढलेला माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात विकला जातो. पुण्याच्या जुन्या बाजारातही असा माल दिसतो. तिथे घेताना पावती मागा, विकणाऱ्याने तो कुठून आणला ते लिहून घ्या. बंडखोरीविरुद्धच्या लढाईत जवान खांद्यावर काय वाहत होता, याचा पूर्ण आणि प्रामाणिक संग्रह एवढ्यातून उभा राहतो.

शंका : मी मूळचा आरमोरी तालुक्यातला, आता भोसरीत नोकरी आणि काळेवाडीत घर. गडचिरोलीत चकमक झाली की बातमीत ‘बंदुका, पिट्ठू, नक्षल साहित्य जप्त’ असे छापून येते. त्या वस्तूंचे पुढे काय होते? त्या एखाद्या संग्रहालयात मिळतील का?
— एक वाचक, नढेनगर

समाधान : दादा, हा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जवळचा आहे. गडचिरोली पोलिसांचे नक्षलविरोधी सी-६० पथक १९९० मध्ये उभे राहिले. तेव्हापासून जप्त झालेले साहित्य रचले तर राज्याच्या एका कोपऱ्यातल्या साडेतीन दशकांच्या लढाईचा इतिहास समोर येईल.

चकमकीनंतर जागेवर पंचनामा होतो. प्रत्येक बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक नोंदवला जातो, वस्तू मोहोरबंद होतात, बॅलिस्टिक तपासणीला जातात, मग न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे मुद्देमाल कक्षात राहतात. निकालानंतर शस्त्र नष्ट करायचे, शस्त्रागारात जमा करायचे की जतन करायचे, हे न्यायालय आणि शासन ठरवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने मुद्देमालाची यादी चौदा दिवसांत करणे, फोटो किंवा व्हिडिओ काढणे आणि विल्हेवाटीचा हुकूम तीस दिवसांत देणे अशी मुदत घातली आहे. मुद्देमालाच्या खोल्या रिकाम्या होतील हे चांगलेच, पण इतिहासाच्या दृष्टीने एक काळजी आहे. निवडक वस्तू जतन करण्याचा निर्णय आता वेळेवर घ्यावा लागेल.

त्या वस्तू काय सांगतात ते पाहा. जप्तीच्या यादीत एका टोकाला एके-४७ असते आणि दुसऱ्या टोकाला गावठी भरमार बंदूक. मधे एसएलआर, इन्सास आणि थ्री-नॉट-थ्री. या मधल्या रायफली माओवाद्यांनी बनवलेल्या नाहीत, त्या पोलिसांकडून लुटलेल्या आहेत. ६ एप्रिल २०१० ला छत्तीसगडमध्ये ताडमेटलाजवळ ७६ जवान मारले गेले आणि त्यांची हत्यारे पळवली गेली. अशी एखादी रायफल काही वर्षांनी दुसऱ्या राज्यात सापडते, तेव्हा तिच्या क्रमांकावरून ती कोणत्या ठाण्याची, कोणत्या दिवशी गेली, हे काढता येते. ती रायफल एखाद्या हुतात्म्याची असू शकते. तिला खासगी कपाटात जागा असूच शकत नाही.

पिट्ठूतल्या वस्तू त्याहून बोलक्या आहेत. प्लॅस्टिकची ताडपत्री, औषधाच्या गोळ्या, सोलर प्लेट, चार्जर, वायरचे वेटोळे, वॉकीटॉकी, पुस्तके, वह्या. जंगलात माणूस कसा जगत होता, कशाच्या भरवशावर लढत होता, हे बंदुकीपेक्षा या सामानावरून कळते. १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोला चकमकीत २६ माओवादी ठार झाले, त्यांत त्यांचा नेता मिलिंद तेलतुंबडे होता. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्यांत ५४ हत्यारे होती. गावागावांतले आदिवासी बांधव पिढीजात भरमार बंदुकाही स्वतःहून पोलिसांकडे जमा करत आहेत. संपत आलेल्या संघर्षाच्या या खुणा आहेत. गडचिरोली जिल्ह्यातच, स्थानिक लोकांच्या सहभागाने, पोलीस हुतात्म्यांची, मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची आणि शरण आलेल्यांची बाजू एकत्र मांडणारे संग्रहालय व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्यासारख्या तिथल्या माणसांनी लोकप्रतिनिधींकडे हा आग्रह धरावा.

शंका : कुदळवाडीत आमचे भंगाराचे गोदाम होते, आता जागा बदलली आहे. एका माणसाने पितळेचे मोठे नळकांडे आणि दोन गंजलेले पंखवाले तुकडे आणून दिले. लष्कराच्या सराव मैदानावरचे आहेत म्हणतो. शोकेससाठी एक गिऱ्हाईकही लागले आहे. विकावे का?
— एक भंगार व्यावसायिक, चिखली

समाधान : विकू नका, हलवू नका, कापू तर मुळीच नका. माणसांना त्या जागेपासून लांब ठेवा आणि लगेच ११२ वर कळवा. बॉम्बशोधक व नाशक पथक येऊन पाहील.

पंख असलेला तुकडा मॉर्टारच्या गोळ्याचा असू शकतो. गोळा उडाला पण फुटला नाही, असे सरावात होते. त्याचा फ्यूज अर्धवट चालू झालेला असतो आणि वरून गंज चढला तरी आतली स्फोटके जिवंत राहतात. हातोडीचा घाव किंवा गॅस कटरची आच पुरेशी ठरते. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगाव दारूगोळा भांडाराजवळ, जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण गेले, त्यांत कंत्राटी मजूर होते. ते काम नेमून दिलेल्या जागी, नेमलेल्या लोकांकडून चालले होते. तिथेही असे घडू शकते, तर उघड्या गोदामात काय होईल याचा विचार करा.

रीतसर लिलावातून येणाऱ्या लष्करी भंगाराबरोबर स्फोटकमुक्त असल्याचा दाखला असतो. तो नसेल तर माल गोदामात घेऊच नका. स्फोटक पदार्थ बेकायदा बाळगल्यास १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागतो आणि गोदाममालक म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते. सराव मैदानावर भंगार वेचणारा माणूस बहुधा पोटासाठी जीव धोक्यात घालतो. तुम्ही माल घेणे बंद केले तर तोही तिकडे जाणे बंद करेल. किलोमागे मिळणाऱ्या पैशापेक्षा त्याचा जीव मोठा आहे.

शंका : शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना लष्करी गणवेश घालायला देता येईल का? आमच्या भागात काही तरुण सर्रास सैन्याच्या नव्या गणवेशासारखे कपडे घालून फिरतात.
— एक शिक्षिका, विजयनगर, काळेवाडी

समाधान : भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमानुसार, आपण सैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने सैनिकी पोशाख किंवा चिन्ह धारण केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हेतू महत्त्वाचा आहे. रंगमंचावरच्या मुलाचा तो हेतू नसतो, पण त्याच्या खांद्यावर खऱ्या पलटणीची चिन्हे आणि छातीवर खरी पदके लावू नका. सैन्याने १५ जानेवारी २०२२ ला पुढे आणलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या रचनेची रीतसर नोंदणी झालेली आहे, त्यामुळे तो कोणीही शिवून विकू शकत नाही. बंडखोर सैनिकाच्या वेशात येऊन घात करतात, हे आपल्या जवानांनी वारंवार सोसले आहे. तरुणांना हे सांगा. गणवेशाबद्दल आदर असेल तर तो भरती होऊन घालावा.

शंका : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. मेलेल्या माणसाच्या वस्तू जमवणे मुळात योग्य आहे का? शत्रू असला तरी तो माणूस होता.
— एक विद्यार्थी, आदर्शनगर

समाधान : या पत्राने मला फार समाधान दिले. संग्राहकाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

जिनिव्हा करारांनी दोन देशांच्या युद्धात एक रेघ आखून दिली आहे. शत्रूची शस्त्रे आणि युद्धसाहित्य घेता येते, पण कैद्याच्या अंगावरच्या खासगी वस्तू त्याच्याच राहतात. मृतांची लूट होऊ नये म्हणून बंदोबस्त करायचा आणि त्यांच्या आठवणीच्या वस्तू घरच्यांपर्यंत पोचतील असे पाहायचे. भारताने यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. देशांतर्गत संघर्षात ही कलमे जशीच्या तशी लागू नसली तरी आपल्या फौजदारी कायद्यात मृताच्या अंगावरची मालमत्ता अप्रामाणिकपणे बळकावणे हा गुन्हा आहेच. भारतीय न्याय संहितेच्या ३१५व्या कलमात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कायद्याच्याही पलीकडे आपल्या सैन्याची रीत आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान लढताना मारले गेले. ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या शौर्याची चिठ्ठी लिहून त्यांच्या खिशात ठेवली आणि पार्थिव परत पाठवले. पुढे पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हे आपले सर्वोच्च शौर्यपदक दिले. त्याच युद्धात मृतांकडे मिळालेल्या ओळखपत्रांवरून आणि कागदपत्रांवरून घुसखोर हे पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे जवान असल्याचे सिद्ध झाले. एकाच खिशातल्या वस्तूंकडे सैन्याने पुरावा म्हणूनही पाहिले आणि माणसाची ठेव म्हणूनही.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे आहे. गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावचे पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या एकेची नळी हाताने धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांच्यामुळे तो जिवंत सापडला. मग एकेक वस्तू बोलू लागली. हल्लेखोरांनी वापरलेल्या ‘कुबेर’ बोटीत मिळालेला गुलाबी फोम आणि शहरात पेरलेल्या बॉम्बमधला गुलाबी फोम सारखाच निघाला. त्यांच्या रबरी होडीच्या यामाहा इंजिनाच्या क्रमांकावरून ते पाकिस्तानात आयात झाल्याचा माग लागला. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, त्या निकालात अशा वस्तूंचा सविस्तर विचार आहे. कोणी आठवण म्हणून फोमचा एक तुकडा खिशात घातला असता तर? म्हणून माझे उत्तर असे : शस्त्र, कागदपत्र आणि मृताच्या अंगावरची कोणतीही वस्तू आधी तपासाची, मग न्यायालयाची, त्यानंतर राष्ट्राची. संग्राहकाचा हक्क तिथे पोचत नाही. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात, तर जप्तीच्या याद्या, निकालपत्रे आणि जवानांच्या तोंडी आठवणी यांचा संग्रह करा. ते काम फार थोडे लोक करत आहेत.

शंका : वडिलांचा काश्मीरमधला जुना गणवेश, पिट्ठू आणि बेल्ट आमच्याकडे आहे. पावसाळ्यात बुरशी येते. कसे जपावे? आणि असे साहित्य पाहायला कुठे जावे?
— एक वाचक, रहाटणी

समाधान : धुवू नका. धुतल्याने मातीचे कण, घडीच्या खुणा, शाईने लिहिलेला क्रमांक निघून जातो. कोरड्या दिवशी सावलीत पसरा, मऊ ब्रशने बुरशी हलके झटका, झटकताना तोंडाला मास्क लावा. इस्त्री करू नका. घडीच्या जागी कापड तुटते, म्हणून घडीत न रंगवलेल्या, धुतलेल्या मांजरपाटाच्या गुंडाळ्या घाला आणि वर्षातून एकदा घडी बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, त्यापेक्षा सुती कापडात गुंडाळून ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या वेळोवेळी सुकवून घ्या. पितळी बकल पॉलिशने चमकवू नका, कोरड्या कापडाने पुसा. लोखंडी ट्रंक जमिनीला न टेकवता लाकडी फळीवर ठेवा आणि भिंतीपासून थोडी दूर.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वडील हयात असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. ती कधी मिळाली, कुठे वापरली, कोणाबरोबर, हे त्यांच्या शब्दांत लिहा आणि तारीख घालून सही घ्या. हा कागद वस्तूइतकाच जपा.

पाहण्यासाठी पुण्यात घोरपडी भागातले, नागरिकांच्या वर्गणीतून १९९८ मध्ये उभे राहिलेले दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. तिथले मिग-२३ विमान कारगिल मोहिमेत वापरलेले आहे. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेला पॅटन रणगाडा पाहता येतो. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात पलटणीचे संग्रहालय आहे. लडाखला गेलात तर लेहच्या हॉल ऑफ फेममध्ये हस्तगत शस्त्रे मांडलेली आहेत. छावणीतल्या संग्रहालयांत जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

शेवटी सर्व वाचकांना एक विनंती. घरातली फौजी ट्रंक या महिन्यात उघडा. काडतूस, मॅगझिन, ग्रेनेडसारखे काही दिसले तर हात न लावता ११२ वर कळवा. कापड, कागद, फोटो, पत्रे सापडली तर नोंद करून जपा आणि जतन करणे जमत नसेल तर पलटणीच्या संग्रहालयाला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लिहा. भंगारवाल्याला मात्र देऊ नका.